अठ्ठ्याऐंशी घरांची मोजणी

यावल
१२ नोव्हेंबर १९९१

आदरणीय नर्मदाताई,

हे पत्र देवचंद भंगाळेचं. नाव आठवेल की नाही शंका आहे, म्हणून खूण सांगतो. सातवीत गुरुजी तुम्हाला दाराजवळ वेगळं बसवायचे आणि गणिताच्या तासाला मात्र फळ्यापाशी तुम्हालाच बोलवायचे. त्या फळ्यावरून उतरवून पास झालेल्यांपैकी मी एक. तुम्ही नर्सिंगला गेलात, मी वडिलांच्या केळीत. तुमच्या बहिणीकडून, रुक्माबाईंकडून, चोपड्यात तुमचा धुळ्याचा पत्ता मिळाला. मोठ्या इस्पितळातून तुम्ही गेल्या वर्षी निवृत्त झालात हेही त्यांनीच सांगितलं.

मी सध्या आमच्या केळी उत्पादक संघाचा सचिव आहे. संघाने तीन वर्षांपूर्वी आरोग्य निधी काढला. केळीच्या प्रत्येक वॅगनमागे थोडी कपात करतो आणि त्यातून सभासद आणि त्यांच्याकडचे कायम मजूर अशा सर्वांची ठरावीक ऑपरेशनं फुकट करतो. मोतिबिंदूची चारशे बारा झाली. चारशे बाराही यशस्वी. अहवालात मी तसं अभिमानाने छापलं आहे.

आता दोन मागण्या आल्या आहेत. जळगावचे तरुण डॉक्टर धनसिंग राजपूत म्हणतात, मोतिबिंदू काढून जाड चष्मा देण्याचे दिवस गेले. डोळ्यातच भिंग बसवायचं आणि निधीने त्याचा खर्च द्यायचा. संचालकांना ती श्रीमंतांची चैन वाटते. दुसरी मागणी संचालक गिरधर महाजन यांची. डोक्याच्या आतला फोटो काढणारं स्कॅनचं यंत्र मोठ्या शहरांत आलं आहे, तिथला खर्च निधीने उचलावा. दोन्हींना पुरेल एवढा निधी नाही. खरं तर एकालाही पुरेल की नाही शंका आहे.

फेब्रुवारीत सभा आहे. तुम्ही शेकडो शिबिरांत काम केलेलं. जुनं ऑपरेशन पुरेसं आहे अशा दोन ओळी सहीनिशी लिहून पाठवाल का? तुमच्या शब्दाला वजन येईल आणि वाद मिटेल.

आपला,
देवचंद भंगाळे

धुळे
२० नोव्हेंबर १९९१

देवचंदभाऊ,

सप्रेम जय भीम. खूण पटली. तुम्ही उतरवताना हातचा विसरायचात, हेही आठवलं.

दोन ओळी देणार नाही. रागावू नका, कारण सांगते. बत्तीस वर्षांत मी किती डोळ्यांच्या पट्ट्या सोडल्या याची मोजदाद नाही. पट्टी सुटली, समोर बोटं दिसली की माणूस हसतो. काहीजण पायावर डोकं ठेवायला वाकतात. आम्ही त्या कागदावर 'यशस्वी' लिहायचो आणि पुढचा माणूस घ्यायचो. ते लोक सहा महिन्यांनी कसे जगत होते, हे मी कधी पाहायला गेले नाही. तुमच्या अहवालातले चारशे बारा यशस्वी हे असेच पट्टी सोडतानाचे असणार.

तेव्हा माझं मत मागू नका. मला मोजू द्या. तुमच्या रजिस्टरातलं दर चौथं नाव मी घेईन, म्हणजे एकशे तीन. निवड तुमची नको, माझीही नको. प्रत्येकाच्या घरी जाईन. मग डॉक्टर राजपूतांकडून भिंग बसवलेल्यांची यादी घेईन आणि त्यांच्याही घरी जाईन. कोणत्या ऑपरेशनने किती माणसं खरोखर कामाला लागली, त्याला काय लागलं, तेवढ्याच पैशात दुसरं काय झालं असतं, हे एका कागदावर मांडून देईन. निर्णय सभेने घ्यावा. स्कॅनचंही तसंच पाहीन.

मानधन नको. रजिस्टर तेवढं रुक्माबाईकडे पोचवा, मी तिच्याकडे उतरेन.

नर्मदा तायडे

यावल
६ जानेवारी १९९२

नर्मदाताई,

तुमच्यापायी माझी झोप गेली आहे. संघाची जीप पाठवली ती तुम्ही अडावदहून परत पाठवलीत. ड्रायव्हर म्हणाला, "बाई एसटीने फिरतात, नाहीतर बैलगाडीत बसतात." अहो, या वयात? लोक मला नावं ठेवतील.

दुसरं असं की, काही संचालक कुरकुरतात. म्हणतात, देवचंदने स्वतःच्या चांगल्या कामाची चौकशी स्वतःच लावली. एकाने तर विचारलं, "चारशे बाराला काही झालं तर तू सचिव राहशील का?" मी हसलो, पण ते हसू खरं नव्हतं.

जाड चष्म्यावर लोकांचं चाललं आहे ना हो? तेवढं आधी कळवा.

देवचंद

चोपडा
२८ जानेवारी १९९२

देवचंदभाऊ,

जीपचं कारण साधं आहे. जीपमधून उतरलेल्या माणसाला लोक चहा देतात आणि त्याला आवडेल तेच बोलतात. एसटीतून चालत आलेल्या बाईला घरात घेतात.

मोजणी संपली. एकशे तीनपैकी नऊजण वारले, सहाजण गाव सोडून गेले. अठ्ठ्याऐंशी घरं झाली.

पहिल्या दिवशी माझी चूक झाली. मी विचारत होते, "दिसतं का?" सगळे म्हणाले, "हो." चोपड्याजवळची भिकुबाई, कापूस वेचायला जाणारी बाई, मला म्हणाली, "माले बठ्ठं दिसस, बाई." मग तिच्या सुनेने सूप आणलं. मूठभर तूरडाळीत मी दहा खडे टाकले आणि म्हटलं, काढून दाखवा. तिने दोन काढले. मी विचारलं, "चष्मा कुठंय?"

"चष्मा शे ना! देव्हाराजोडे ठेवेल शे."

"मग घालत का नाही?"

"डोयावर चढावा का जमीन वर येस. चक्कर येस. मंग पाय कथा ठेवू?"

ती खोटं बोलत नव्हती. जाड काचेतून सगळं मोठं आणि जवळ दिसतं. फुकट ऑपरेशन करून देणाऱ्यांचा चष्मा आपल्याला चालत नाही, हे सांगायला तिला लाज वाटत होती. त्या दिवसापासून मी विचारणं सोडलं. सूप, पेल्यात पाणी ओतणं, उंबरा उतरणं, नाणं ओळखणं, एवढं प्रत्येकाकडून करून घेतलं.

साकळीच्या चुडामणला ओळखत असाल, ट्रकमध्ये घड भरतो. चष्मा घालून फळीवर पाय टाकायला गेला, फळी होती वीतभर पुढे. मनगट मोडलं. आता चष्मा पेटीत आणि चुडामण ओट्यावर.

आकडे असे. पाचजणांचा डोळाच बिघडला. त्र्याऐंशीजणांचं ऑपरेशन उत्तम आहे, सर्जनच्या हाताला दोष नाही. त्या त्र्याऐंशींपैकी चष्मा घालून नीट काम करणारे सदतीस. एकोणतीसजणांचा चष्मा फुटला किंवा हरवला आणि दुसरा कोणी दिला नाही. सतराजणांकडे आहे, पण चक्कर येते म्हणून घालत नाहीत. म्हणजे अठ्ठ्याऐंशीपैकी सदतीस. निम्मेसुद्धा नाहीत, भाऊ.

भिंगवाल्यांची यादी अठ्ठेचाळीसची होती, एकेचाळीसजण भेटले. पस्तीस नीट काम करतात. चौघांना पुन्हा धूसर दिसतं आणि दोघांचा डोळा पू होऊन गेला. हे दोन डोळे राजपूत डॉक्टरांनी मला स्वतःहून सांगितले, लपवले नाहीत. पण सावध राहा. ही खात्यापित्या घरची माणसं आहेत, औषधं वेळेवर घालणारी. मजुरांच्या घरी असंच होईल, हे मी आज सांगू शकत नाही. आणि भिंगाचा खर्च जुन्याच्या तिप्पट आहे, फायदा दुप्पट. आजच्या भावाने मी सभेला हो म्हणणार नाही. भाव दुपटीच्या आत आला तर साठ मजुरांना बसवून पाहा आणि सहा महिन्यांनी पुन्हा घरोघर जा. फुटलेले चष्मे मात्र उद्याच बदलून द्या. त्याला सभा कशाला हवी?

स्कॅनबद्दल गिरधरभाऊंकडे गेले होते. त्यांची मुलगी उज्ज्वला एकोणीस वर्षांची असताना ट्रॉलीवरून पडून गेली, हे तुम्ही मला लिहिलं नव्हतंत. त्यांनी तिचा फोटो दाखवला. म्हणाले, "डॉक्टर म्हणाले होते, डोक्यात काय झालंय ते दिसलं असतं तर वाचली असती." मी त्यांना तिथे बसूनच सांगितलं की आज मी स्कॅनला 'नाही' लिहिणार आहे. दरसाल किती सभासदांना लागेल, फोटोनंतर पुढचं ऑपरेशन कोण करणार, याची माहिती कोणाकडेच नाही आणि एका स्कॅनच्या खर्चात तीनजणांचे डोळे होतात. ते उठले आणि मला स्टँडपर्यंत पोचवायला आले. बत्तीस वर्षांत इतकं जड 'नाही' मी कोणाला सांगितलं नव्हतं.

शेवटचं. भिंगांच्या यादीत सतरावं नाव होतं, 'बेबाबाई देवचंद भंगाळे, यावल, मे १९९०'. त्या घरी मी गेले नाही. ते घर तुम्ही मोजा.

नर्मदा

यावल
१७ फेब्रुवारी १९९२

नर्मदाताई,

तुमचं पत्र वाचून दोन दिवस ऑफिसात गेलो नाही. नंतर तुम्ही कागदावर जसं लिहिलंत तसंच केलं. बेबाबाईसमोर सूप ठेवलं. तिने दहाही खडे काढले आणि विचारलं, "काय झालंय तुम्हाला?" मग मी सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या डोळ्यात भिंग घालताना तुम्ही कोणती सभा बोलावली होती?"

काल सभा झाली. तुमचा कागद मी शब्दन् शब्द वाचला. 'सदतीस' म्हटल्यावर एक संचालक उठून म्हणाले, "मजुराला कशाला भिंग? त्याला काय पेपर वाचायचाय? चष्माच बदलून द्या." टाळ्या पडायला लागल्या होत्या. मी उभा राहिलो. म्हटलं, "बेबाबाईला कोणता पेपर वाचायचा होता? माझ्या घरी चष्मा पुरेल असं मला वाटलं नाही, म्हणून मी जळगावला जाऊन भिंग बसवून आणलं आणि इथे येऊन तुम्हाला सांगितलं, चष्मा पुरतो. अहवालात चारशे बारा यशस्वी मीच छापलं. ते चूक आहे. राजीनामा लिहून आणला आहे."

राजीनामा कोणी घेतला नाही. घ्यायला हवा होता असं अजून वाटतं. पण पहिल्यांदा बोलले कोण, तर गिरधर महाजन. म्हणाले, "त्या बाईने माझ्या घरात बसून मला तोंडावर 'नाही' सांगितलं. असं खरं बोलणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. तिचा कागद मान्य करा. फक्त स्कॅनपुढे नुसतं 'नामंजूर' लिहू नका. का नामंजूर ते लिहा आणि तीन वर्षांनी पुन्हा विचारात घ्या."

ठराव तसाच झाला. चष्मे बदलायला आजपासून सुरुवात.

राजपूत डॉक्टरांकडे आज सकाळी मी स्वतः गेलो. व्यापाऱ्याशी केळीच्या भावावरून भांडण्यात जन्म गेला, तो इथे कामाला आला. म्हटलं, साठ डोळे एकदम देतो, गावातच शिबिर घेतो, राहण्याजेवणाचं संघाकडे. देशात बनलेली भिंगं आता मिळू लागली आहेत, ती वापरा. दोन तास बसलो. जुन्याच्या दीडपटीवर आले. निघताना डॉक्टर म्हणाले, "माझ्याच रोग्यांची अशी मोजणी कोणी केली नव्हती. पुढच्या वेळी मला बाईंबरोबर घरोघर नेता का?"

नर्मदाताई, गुरुजींनी तुम्हाला दाराजवळ बसवलं होतं. काल सभागृहात दोनशे माणसं तुमचा कागद ऐकत होती.

देवचंद

धुळे
१ मार्च १९९२

देवचंदभाऊ,

पत्र तीनदा वाचलं. मोजणं सोपं असतं हो, त्यात पायपीट तेवढी. दोनशे माणसांपुढे स्वतःची चूक वाचून दाखवणं मला जमलं असतं की नाही, माहीत नाही. शिबिरांच्या बत्तीस वर्षांबद्दल मी अजून कोणापुढे उभी राहिलेले नाही. तुमच्याकडून ते उतरवून घ्यावं म्हणते.

साठ नावं चिठ्ठ्या टाकून काढा. संचालकांच्या ओळखीची नकोत. आणि बेबाबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांना सभेत घ्या.

नर्मदा

यावल
९ मे १९९३

नर्मदाताई,

सहा महिन्यांची मोजणी झाली. गुडघ्याने तुम्हाला धुळ्यातच अडकवलं, म्हणून राजपूत डॉक्टर आणि मी फिरलो. एसटीनेच. डॉक्टरांचे बूट लग्नाला आलेल्या पाव्हण्याच्या बुटांसारखे चकचकीत होते, तिसऱ्या दिवशी चप्पल आली.

साठपैकी सत्तावन्न भेटले. अठ्ठेचाळीसजण कामाला लागले आहेत. एक डोळा गेला, त्या घरी डॉक्टर दुसऱ्या डोळ्याचं आपण स्वखर्चाने करू म्हणाले. मजुराच्या घरी भिंग टिकतं की नाही, याचं उत्तर मिळालं. भिकुबाईचा दुसरा डोळा या साठांत होता. तिच्या सुपात मी मोजून दहा खडे टाकले. तिने अकरा काढले आणि मला म्हणाली, "तुन्ही मोजणी चुकनी, भाऊ."

सभेने भिंग मंजूर केलं. बेबाबाई आता सभेत बसते आणि माझ्यापेक्षा जास्त प्रश्न विचारते. अहवालात या वर्षी 'यशस्वी' हा शब्द नाही. 'सहा महिन्यांनी काम करू शकणारे' असं लिहिलं आहे. छापखान्यातला माणूस म्हणाला, फार लांब होतं. होऊ दे.

देवचंद

यावल
२२ जून १९९५

नर्मदाताई,

तीन वर्षं झाली. ठरावाप्रमाणे स्कॅनचा विषय पुन्हा आला. आता यंत्र फार लांब नाही, भावही उतरला आहे. मोजणी कोणी करायची, असा प्रश्न निघाला. गिरधर महाजन म्हणाले, "मी करतो."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. ज्याला हो हवं आहे त्यानेच मोजायचं? बेबाबाई म्हणाली, "करू द्या. पण फॉर्म नर्मदाताईंच्या पद्धतीचा." म्हणून मी मार्चमध्ये तुमच्याकडून फॉर्म मागवला होता. कशासाठी ते तेव्हा लिहिलं नाही. निकाल लागेपर्यंत लिहायचा धीर झाला नाही.

गेल्या तीन वर्षांत सभासदांच्या घरांत डोक्याला मार लागलेली एकतीस माणसं होती. गिरधरभाऊ एकतीस घरी गेले. वय बासष्ट, उन्हाळा, केळीच्या बागा उष्ण वाऱ्याने करपलेल्या. प्रत्येक घरी तोच प्रश्न विचारत होते, कधी पडला, गाडी कधी मिळाली, कधी पोचला. मग ते कागद घेऊन जळगावच्या तीन डॉक्टरांकडे गेले आणि प्रत्येक माणसाबद्दल विचारलं, यंत्राने फरक पडला असता का?

परवा सभेत त्यांनी स्वतः उभं राहून वाचलं. अकराजण यंत्राशिवाय बरे झाले. तिघांना यंत्राचा उपयोग झाला असता. सतराजण इस्पितळाच्या दारात पोचायच्या आत किंवा पोचल्यावर लगेच गेले. गाडी मिळायला त्यांना सरासरी अडीच तास लागले होते.

मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि वाचलं, "यंत्राचा खर्च आज मंजूर करू नये. त्याच पैशात आधी तीन गावांत जीप ठेवाव्यात. ड्रायव्हरला जखमी माणूस कसा उचलायचा ते शिकवावं. यंत्राचं तीन वर्षांनी पुन्हा पाहावं." आणि मतदानाला पहिला हात त्यांनीच वर केला.

सभा संपल्यावर फॉर्म फाईलला लावायला घेतले तर बत्तीस निघाले. बत्तिसावा उज्ज्वलाचा. त्यांच्याच अक्षरात. गाडी मिळायला लागलेला वेळ, साडेतीन तास. 'यंत्राने फरक पडला असता का?' पुढे आधी काही तरी लिहून खोडलं होतं. त्याखाली लिहिलं होतं, 'नाही'.

आठ वर्षं तो माणूस त्या एका शब्दाच्या उलट शब्दावर जगत होता, ताई. मी नुसता जवळ उभा राहिलो. ते म्हणाले, "देवचंद, बाईंना कळव. मी मोजलं."

पहिली जीप उद्यापासून किनगावला उभी राहते आहे. बत्तिसाव्या फॉर्मचं काय करू?

देवचंद

धुळे
२८ जून १९९५

देवचंदभाऊ,

मी आयुष्यभर फॉर्म भरले आणि तपासले. इतका खरा फॉर्म माझ्या हाताखालून गेला नाही. गिरधरभाऊंना माझा जय भीम सांगा आणि सांगा की गुडघा कसाही असो, पुढच्या महिन्यात मी त्यांच्या घरी येते आहे. त्या घरी मी एकदाच गेले, तेही 'नाही' सांगायला.

बत्तिसावा फॉर्म फाईलला लावू नका. उज्ज्वला आठ वर्षांपूर्वी गेली, ती या तीन वर्षांच्या मोजणीत येत नाही. तो कागद त्यांच्या हातात नेऊन द्या.

नर्मदा